आडात किती, पोहऱ्यात किती

६४ जीबीचे काठोकाठ भरलेले मेमरी कार्ड संगणकावर रिकामे करायला अर्धा तास लागू शकतो, बारा मिनिटे लागू शकतात किंवा सव्वाचार मिनिटांतही काम उरकते. फोटो तेच असतात, पुष्कळदा संगणकही तोच असतो. फरक पडतो तो मधल्या छोट्याशा कार्ड रीडरमुळे आणि त्याच्या आगेमागे जे काही जोडलेले असते त्यामुळे. कॅमेरा आणि लेन्सवर लाखभर रुपये घालणारा माणूस कार्ड रीडर मात्र बिल होता होता ‘तोही एक द्या’ म्हणून उचलतो. दुसऱ्या टोकाला, खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून तिप्पट पैसे मोजणाराही भेटतोच. दोघांची चूक एकच. वेग हा रीडरचा स्वतःचा गुण आहे, असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात तो कार्ड, रीडरची खाच, केबल, संगणकाचे पोर्ट आणि डिस्क अशा पाच ठिकाणी ठरतो आणि या पाचांत जे सर्वांत मंद असेल त्याच्यापुढे उरलेल्या चौघांचे काही चालत नाही. म्हणून रीडर निवडताना सुरुवात रीडरपासून करूच नये. ती हातातल्या कार्डापासून करावी. आणि असे कार्ड पाहून रीडर घेणे ग्राहकाला सहज जमावे, इतपत माहिती खोक्यावर छापण्याची सक्ती विक्रेत्यांवर असायला हवी. ती आज नाही.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक), सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९मध्ये एसडी कार्ड जाहीर केले, तेव्हा सेकंदाला साडेबारा एमबी हा त्याचा मूळ वेग होता. पुढे यूएचएस-१ नावाची पद्धत आली आणि कमाल मर्यादा १०४ एमबीवर गेली. प्रत्यक्षात त्यातून ८० ते ९५ एमबी मिळतात. २०११मध्ये जाहीर झालेल्या यूएचएस-२ने ही मर्यादा ३१२वर नेली आणि चांगली कार्डे आज २५० ते ३०० एमबीच्या घरात वाचली जातात. या दोन जातींतला फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. कार्ड उलटे करावे. सोनेरी पट्ट्यांची एकच रांग असेल तर ते यूएचएस-१, तिच्याखाली दुसरी आखूड रांग असेल तर यूएचएस-२. पुढच्या बाजूला बारीक रोमन आकड्यातही हे छापलेले असते. रीडरचेही तसेच. त्याच्या खाचेत दुसऱ्या रांगेला टेकणारे संपर्कबिंदू नसतील, तर महागडे यूएचएस-२ कार्ड त्यात निमूटपणे जुन्या वेगाने चालते. अडत नाही, तक्रार करत नाही, इशाराही देत नाही. पैसे वाया गेल्याचे वापरणाऱ्याच्या लक्षात न येण्याचे हेच कारण आहे.

कार्डावरचे इतर आकडे या गोंधळात भरच घालतात. ठळक टाइपात छापलेला आकडा बहुधा वाचनाचा कमाल वेग असतो. ‘व्ही’ अक्षरापुढचे ३०, ६० किंवा ९० हे लिहिण्याचा किमान वेग सांगतात. म्हणजे व्हिडिओ काढताना कार्ड सेकंदाला किमान इतके एमबी सामावून घेईल, एवढीच ती हमी. फोटो संगणकावर उतरवण्याशी तिचा थेट संबंध नाही. सर्वांत फसवा प्रकार आहे तो यूएचएस-१ची खूण असूनही १७० किंवा २०० एमबीचा दावा करणाऱ्या कार्डांचा. १०४ची मर्यादा असलेल्या वाटेवरून २०० कसे जातील? त्याचे उत्तर असे की ते प्रमाणित वाटेने जातच नाहीत. सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम प्रोसारख्या कार्डांत कंपनीने स्वतःची वेगळी पद्धत वापरलेली असते आणि ती समजणारा रीडर असेल तरच तो वेग मिळतो. कंपनी हे लपवत नाही, बारीक अक्षरांत सांगते. पण तेच कार्ड कोणत्याही साध्या रीडरमध्ये घातले की नव्वदीच्या आसपास अडकते. इथे एक उलटी गंमत आहे. ज्याच्याकडे अशी कार्डे आहेत त्याने महागडा यूएचएस-२ रीडर घेऊन काही साधत नाही, कारण त्या कार्डाला दुसरी रांगच नाही. त्याला हवा तो त्या विशिष्ट पद्धतीला साथ देणारा रीडर, आणि तो तुलनेने स्वस्त असू शकतो. तसेच २०१८मध्ये जाहीर झालेल्या एसडी एक्स्प्रेसचे. कागदावर ते यूएचएस-२ला मैलभर मागे टाकते, पण दुसरी रांग ते निराळ्या कामासाठी वापरते; त्यामुळे यूएचएस-२च्या रीडरमध्ये ते थेट यूएचएस-१च्या वेगावर घसरते.

रीडर आणि संगणक यांच्यामधला टप्पा तर नावांच्या जंगलात हरवलेला आहे. यूएसबी २.० ही २००० सालची पद्धत सेकंदाला ४८० मेगाबिट देते, म्हणजे प्रत्यक्षात ३५ ते ४० एमबी. २००८मध्ये आलेल्या ३.०ने ती मजल पाच गिगाबिटवर नेली. प्रत्यक्षात चारशेच्या वर एमबी. इथवर सोपे होते. पुढे याच पाच गिगाबिटला आधी ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ असे नाव मिळाले. दहा गिगाबिटचे झाले जेन २. एकाच वेगाला तीन नावे, आणि आकडा वाढला म्हणजे वेग वाढला असे समजून खरेदी करणारा ग्राहक. अखेर ही प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेनेच २०२२मध्ये ही आवृत्त्यांची नावे ग्राहकांसमोर न मांडता सरळ पाच, दहा, वीस, चाळीस गिगाबिट असेच लिहावे, अशी भूमिका घेतली. ते शहाणपणाचे होते. तरी बाजारातल्या खोक्यांवर अजून तिन्ही पिढ्यांची नावे सुखाने नांदत आहेत.

त्यात टाइप-सीने आणखी एक समज पसरवला. दोन्ही बाजूंनी बसणारी ही लंबगोल पिन म्हणजे नवे तंत्र, आणि नवे तंत्र म्हणजे वेग, असे लोकांना वाटते. पिनचा आकार वेगाबद्दल काहीच सांगत नाही. टाइप-सी पिनच्या आत यूएसबी २.०चीच चिप असलेले रीडर सर्रास विकले जातात. २०२३च्या आयफोन १५ला टाइप-सी पोर्ट मिळाले, पण त्याच्या साध्या आवृत्तीचा वेग २.०चाच राहिला, दहा गिगाबिट फक्त प्रो आवृत्त्यांना. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक केबलींचेही तेच. त्या बनवलेल्या असतात चार्जिंगसाठी, फोटोंची वाहतूक त्यांच्यातून जुन्याच वेगाने होते. चांगला रीडर घेऊन त्याला घरात पडलेली चार्जिंगची केबल लावणे म्हणजे भरलेल्या आडात गळका पोहरा सोडण्यासारखे आहे. शेवटचे ठिकाण डिस्कचे. लॅपटॉपातली जुनी फिरती हार्ड डिस्क शंभर एमबीच्या आगेमागेच लिहिते. तिच्यावर थेट फोटो उतरवणाऱ्याला यूएचएस-२चे कौतुक कशाला? एसएसडी असेल तरच वरचा सगळा हिशेब जमून येतो.

एवढे लक्षात घेतले की निवड बरीचशी आपोआप होते. सुरुवातीच्या आणि मधल्या दर्जाच्या बहुसंख्य कॅमेऱ्यांत यूएचएस-१ कार्डेच वापरली जातात, ड्रोन आणि ॲक्शन कॅमेऱ्यांतली मायक्रो-एसडी कार्डेही बहुतांशी त्याच जातीची. त्यांच्यासाठी पाच गिगाबिटचा साधा, बऱ्या बांधणीचा रीडर पुरेसा आहे. त्याहून महागड्याने एक सेकंदही वाचत नाही. यूएचएस-२ कार्डे असतील तर यूएचएस-२ची खाच हवीच, पण ३०० एमबी वाहून न्यायला पाच गिगाबिटची वाट पुरते. दहा गिगाबिटचे पैसे तेव्हाच द्यावेत जेव्हा दोन खाचांतली दोन कार्डे एकाच वेळी रिकामी करायची असतील, कारण तेव्हा बेरीज पाचशे-सहाशेवर जाते. सीएफएक्स्प्रेस कार्डांची गोष्ट वेगळी. त्यातल्या टाइप-बी जातीची कमाल मर्यादाच सेकंदाला दोन हजार एमबी होती आणि २०२३च्या नव्या आराखड्याने ती दुप्पट केली. दहा गिगाबिटचा रीडर तिथे साधारण हजारावर थांबतो. त्यापुढे जायचे तर चाळीस गिगाबिटचा रीडर आणि तेवढ्याच ताकदीचे पोर्ट असलेला संगणक, दोन्ही लागतात. हे मोजक्या व्यावसायिकांचे दुखणे आहे, आणि त्यांना ते माहीत असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की आता कार्ड रीडर लागतोच कोणाला? कॅमेऱ्यालाच केबल लावा, नाहीतर वायफायने फोटो पाठवा. आक्षेपात तथ्य आहे. सोनीच्या ए७-४सारख्या कॅमेऱ्याला दहा गिगाबिटचे टाइप-सी पोर्ट आहे आणि त्यातून थेट फोटो घेणे रीडरपेक्षा फारसे मंद नाही. पण आपल्याकडे अनेकांचा पहिला कॅमेरा ठरलेल्या कॅननच्या १५००-डीसारख्या कॅमेऱ्याचे पोर्ट यूएसबी २.०चे आहे. तिथे केबल लावणे म्हणजे सर्वांत मंद मार्ग स्वतःहून निवडणे. शिवाय फोटो उतरेपर्यंत कॅमेरा अडकून पडतो आणि त्याची बॅटरी खर्ची पडते. वायफाय मोजक्या फोटोंसाठी उत्तम. आषाढी वारीत दिवेघाटातून वृत्तपत्राला चार छायाचित्रे तातडीने धाडणाऱ्या बातमीदाराला तेच सोयीचे. त्याने रीडर घेतला तरी तो फोनला लावण्यापुरता, आणि तिथे वेगापेक्षा रीडर फोनकडून किती वीज खेचतो आणि फोन तो ओळखतो का, हे महत्त्वाचे. पण दिवसभराचे कार्ड वायफायने रिकामे करायला बसणे व्यवहार्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कॉपी लावून द्यावी आणि जेवायला जावे. अर्धा तास लागला काय नि चार मिनिटे लागली काय, फोटो तर तेच येणार ना? हौशी माणसासाठी हे उत्तर चालून जाईल. पण लग्नाचे काम करणाऱ्या फोटोग्राफरचा हिशेब मांडून पाहावा. समजा, पहिल्या दिवशी साखरपुडा आणि हळद मिळून ६४ जीबीची चार कार्डे भरली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुहूर्ताला तीच कार्डे रिकामी हवीत. यूएसबी २.०च्या रीडरने ती उतरवायला दोन तास लागतात, यूएचएस-१ला पाऊण तास, यूएचएस-२ला सतरा मिनिटे. पण उतरवणे हे अर्धेच काम. संगणक फाइल कॉपी करतो तेव्हा उतरलेली प्रत मूळ फाइलशी अक्षरन् अक्षर जुळते का, हे तो आपणहून पुन्हा वाचून पाहत नाही. ते पाहायचे तर टेराकॉपीसारख्या प्रणालीत पडताळणीची सोय चालू करावी लागते. ती सोय मूळ आणि प्रत या दोहोंचे अंकमूल्य काढून जुळवते. कार्डाशी नीट ताडून पाहायचे तर कार्ड पुन्हा पूर्ण वाचून काढावे लागते, म्हणजे वर दिलेला वेळ जवळपास दुप्पट धरायला हवा. मंद रीडरवर ही पडताळणी चार तासांचे काम होते. रात्री साडेअकराला हॉलवरून परतलेला आणि सकाळी सहाला निघायचे असलेला माणूस ती करत नाही. तो कॉपी झाल्याची पट्टी पूर्ण झालेली पाहतो, कार्डे फॉरमॅट मारतो आणि झोपतो. चौतीस मिनिटांत होणार असेल तर मात्र तो ती करतो; आंघोळ, जेवण होईतो ती झालेलीही असते.

फोटो गमावण्याचे प्रसंग बहुधा इथेच घडतात. कार्ड वाईट निघाल्याने घडतात तितकेच घाईने घडतात. फॉरमॅट मारलेल्या कार्डातून फोटो परत मिळवता येतात, पण त्यावर नवे फोटो चढले की ती वाट बंद होते. आणि दुसऱ्या दिवशी सप्तपदीचे फोटो चढतातच. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा बॅकअपचा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला. तो सगळ्यांना पाठ असतो आणि फार थोडे पाळतात. शिस्तीचा अभाव हे त्याचे कारण सांगितले जाते. शिस्त हवी हे खरे, पण जिथे एका प्रतीलाच दोन तास लागतात तिथे तीन प्रतींचा नियम म्हणजे पगार न देता ओव्हरटाइम मागण्यासारखे आहे. रीडरच्या वेगाची खरी किंमत वाचलेल्या मिनिटांत मोजू नये. दुसरी प्रत आणि पडताळणी ही कामे त्यामुळे रोजच्या दिनक्रमात बसतात की नाही, यावरून ती मोजावी. या हिशेबाने पाहिले तर व्यावसायिकाने रीडरवर वाचवलेले सातआठशे रुपये ही काटकसर ठरत नाही.

काहीजण म्हणतात, वेगवान रीडरने चुका अधिक होतात, हळू कॉपी सुरक्षित. याला तांत्रिक आधार नाही. कार्डाकडून येणाऱ्या माहितीची टप्प्याटप्प्यावर तपासणी होते, ती वेग वाढला म्हणून सैल होत नाही. बिघाड होतात ते ढिल्या खाचेमुळे, तापलेल्या चिपमुळे, मध्येच ओढून काढलेल्या केबलमुळे. सीएफएक्स्प्रेसचे रीडर लांबलचक कॉपीत चांगलेच गरम होतात आणि तापले की स्वतःच वेग कमी करतात. म्हणून धातूचे आवरण असलेला रीडर प्लास्टिकच्या रीडरपेक्षा बरा. एसडी कार्डाच्या कडेची सरकती पट्टीही इथे आठवावी. ती कार्डाच्या आतल्या कशालाही जोडलेली नसते. ती कुठे आहे हे रीडर आपल्या खाचेतल्या बटणाने ओळखतो आणि लिहिणे थांबवतो. ते बटण धड नसेल तर कुलूप लावलेले कार्डही पुसले जाऊ शकते. अगदी स्वस्त रीडरबद्दल खरी तक्रार करायची तर ती अशा गोष्टींबद्दल करावी.

आता प्रश्न उरतो तो हे सगळे ग्राहकाने का शोधत बसावे, हा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत रीडर मागितला की समोर ओळीने खोकी येतात. प्रत्येकावर ‘हाय स्पीड’ किंवा ‘सुपर स्पीड’ असते. खाच यूएचएस-१ की यूएचएस-२, हे निम्म्या खोक्यांवर शोधूनही सापडत नाही. वेष्टनबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत अशा गोष्टी छापण्याची सक्ती २०११च्या वैधमापन नियमांनी केली आहे. ऑनलाइन विक्रीच्या पानांनाही ती लागू आहे. वस्तूच्या कामगिरीबद्दल मात्र त्यांत सक्ती नाही. विजेच्या बाबतीत आपण हा प्रश्न सोडवला आहे. फ्रीज आणि एसीवर तारांकने आली, तेव्हा कॉम्प्रेसरचे शास्त्र न शिकता लोकांना तुलना करता येऊ लागली. रीडर, पेनड्राइव्ह आणि केबल यांना तारांकने नकोत, तेवढा थाट परवडणारही नाही. खाचेची जात, पोर्टचा वेग गिगाबिटमध्ये, आणि कोणत्या जातीच्या कार्डावर सलग वाचनाचा किती वेग मिळाला तो आकडा, एवढे तीन तपशील छापायला खोक्यावर दोन ओळी लागतात.

विक्रेते म्हणतील, नियम केला तरी बिननावाचा आयात माल त्याला जुमानणार नाही. काही प्रमाणात तसे होईलही. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईचे अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला आहेत, आणि ते वापरायचे तर आधी खोक्यावर पडताळता येईल असा दावा असावा लागतो. ‘हाय स्पीड’ खोटे आहे हे कोणी कसे सिद्ध करणार? ‘यूएचएस-२, ५ गिगाबिट, २५० एमबी’ हे दहा मिनिटांत तपासता येते. छोट्या दुकानदारावर बोजा पडेल हेही मला पटत नाही. तपशील छापायचे काम आयातदाराचे आहे, आणि परत येणाऱ्या मालाचा त्रास कमी झाला तर तो दुकानदाराचाच फायदा.

तोवर ग्राहकाला स्वतः तपासण्याचा एक सोपा मार्ग आहे. दुकानात जाताना आपले कार्ड, आपली केबल आणि शक्यतो आपलाच लॅपटॉप न्यावा. कार्डावर चारपाच जीबीची एकच व्हिडिओ फाइल ठेवावी. शेकडो बारीक फोटोंनी चाचणी केली तर प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात वेळ जातो आणि आकडा विनाकारण कमी दिसतो. कॉपी लावल्यावर पहिल्या काही सेकंदांचा वेग सोडून द्यावा आणि मग स्थिरावलेला आकडा पाहावा. ३५ ते ४०वर अडकला तर वाटेत कुठेतरी यूएसबी २.० आहे: आधी केबल बदलावी, मग पोर्ट, तरी तेच दिसले तर रीडर परत द्यावा. ८० ते ९५ दिसले तर यूएचएस-१ आपली मर्यादा गाठत आहे. कार्ड त्याच जातीचे असेल तर रीडर नि:शंक घ्यावा, कार्ड यूएचएस-२ असेल तर घेऊ नये. यूएचएस-२ कार्ड आणि रीडर असूनही शंभर-सव्वाशेवर रेंगाळले तर आपल्या लॅपटॉपात फिरती हार्ड डिस्क आहे का ते पाहावे, कारण मग दुकानातला कोणताही रीडर तो आकडा हलवू शकणार नाही.